लावालावी

तोयोहाशीच्या बाहेर, समुद्राकडच्या अंगाला,
कोबीच्या वावरांमागे
शिझुए हिकोसाकाची पत्र्याची शेड.
लावे नऊशे. माणूस एक.

पहाटे चारला तिच्या लक्षात आलं ते एवढंच
की जमिनीवर पिसं नाहीत.
पिसं पडलेली असती तर बरं होतं.
पिसं गळतात, गळू देत.
पिसं नाहीत म्हणजे कुणीतरी खाल्ली.

तिसऱ्या रांगेत, खालून दुसऱ्या पिंजऱ्यात
एक लावी कोपऱ्यात तोंड खुपसून उभी.
पाठ उघडी, भिजल्या कागदासारखी,
मानेपाशी नवं पीस फुटू बघतंय
रक्ताने टच्च भरलेलं,
आणि बाकीच्या सगळ्या त्या एका टिंबाकडे बघतायत,
दाणा टिपावा तशा.

रागाने नाही.
शिझुएला भय वाटतं ते त्याचंच.
राग असता तर ओसरला असता.

मग दिवसभर ती काही ना काही करत राहिली.
दिव्यांना तांबडा कागद गुंडाळला :
सगळंच लाल झालं की कुणाचं रक्त
कुणाला दिसत नाही.
त्या पिंजऱ्यात नर दोन होते, त्यातला दांडगट उचलला,
त्याने मनगटावर चोच मारली,
ती म्हणाली, हो, कळलं.
मुळ्याचा पाला उंच टांगला,
चोचीला काम हवं,
नाहीतर चोच स्वतःच काम शोधते.
नदीची वाळू चाळून पसरट डब्यांत ओतली
आणि लाव्यांनी त्यात अंग टाकलं,
पंख पसरून, डोळे मिटून,
जणू काही झालंच नाही.
खाद्यात माशाचं कूट वाढवलं. उन्हाळ्यात भाव चढला
तेव्हा कुणाचा हात आखडला होता
हे तिचं तिला ठाऊक.

जखमेला काजळी लावून
त्या एकीला संत्र्यांच्या खोक्यात वेगळं ठेवलं.
ती खाईना.
एक दिवस, दोन दिवस.
सोबत टोचते, आणि सोबतीवाचून
घशाखाली दाणा उतरत नाही.
असा हा पक्षी. मूठभर.

कुंपणापलीकडे नोबुए, धाकटी जाऊ.
नऊ वर्षं बोलणं नाही.
कुणी कुणाला काय सांगितलं होतं
ते सांगणारा तर केव्हाच मेला,
लावून गेला तो गेला,
सांगितलेलं मात्र राहिलं.
दोघी एकाच वेळी नळावर आल्या
तर एक जण बादली घेऊन मागे फिरे.
कोण फिरणार, हेही ठरून गेलेलं.

तिसऱ्या दिवशी शिझुए मागे फिरली नाही.
म्हणाली, एक जखमी आहे. एकटी आहे.
पुढे काय म्हणायचं ते तिने ठरवलं नव्हतं.

संध्याकाळी नोबुए आली
लोकरीच्या टोपीत एक म्हातारी लावी घेऊन.
"अंडी घालत नाही. भांडतही नाही. ठेव."
"दाणा किती खाते?"
"थोडा."
एवढंच. चहा नाही, काही नाही.
टोपी मात्र राहिली.

पाठीवर कोवळी पिसं आली तेव्हा
दोघींना परत पिंजऱ्यात सोडायचं ते रात्रीच, काळोखात.
उजेडात सोडलं तर पाहुणी ठरते,
आणि पाहुणीला फोडून काढतात.
काळोखात अंगाला अंग लागतं,
सकाळी उठून कुणी विचारत नाही
ही कधी आली.
निदान तसं म्हणतात.

शिझुए दाराशी उभी आहे.
बाहेर वारा पत्र्याला हलवतोय.
आत कुठूनतरी टक्, टक्,
मग थांबून, पुन्हा टक्.
मुळ्याचं देठ असेल.
पाठही असेल.

दिवा लावावा का,
असं तिच्या दोनदा मनात येतं.
लावत नाही.
टोपी हातात घेऊन ऐकत राहते.